कोपऱ्यातलं एक मिनिट

कोल्हापुरात मी बॉक्सिंग शिकवते असं सांगितलं की समोरचं माणूस जरा थांबतं आणि मग विचारतं, "कुस्ती सोडून बॉक्सिंग?" मला त्या प्रश्नाचा राग येत नाही. शाहू महाराजांचं खासबागेचं मैदान या गावात 1912 पासून आहे, इथल्या पेठा तालमींच्या नावानं ओळखल्या जातात, आणि इथल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवलं. अशा गावात माती सोडून कुणी दोरांच्या चौकटीत का शिरावं, हे लोक विचारणारच. माझ्या वस्तादांनाही आयुष्यभर हेच विचारलं गेलं, आणि ते तर स्वतः मातीतनंच आलेले.

त्यांच्याकडे मी बॉक्सिंग शिकले त्याबद्दल पुन्हा कधीतरी लिहीन. आज लिहायचंय ते त्यानंतरचं. त्यांनी मला शिकवायला शिकवलं, लढतीत आपल्या खेळाडूच्या कोपऱ्यात उभं राहायला शिकवलं, आणि त्याला खेळायला शिकण्यापेक्षा जास्त काळ लागला.

वस्तादांचं लहानपण पेठेतल्या तालमीत गेलं. मग मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाली आणि बेळगावच्या सेंटरवर त्यांनी पहिल्यांदा ग्लोव्हज घातले. कंपनीच्या टीममध्ये एका वजनात माणूस कमी पडत होता. "कुस्तीवाला हाय, लवकर पडणार न्हाई, एवढंच बघितलं सुभेदारानं," असं ते सांगतात. हवालदार म्हणून निवृत्त होऊन परत आले तेव्हा पेन्शनीतून पैसे बाजूला काढून त्यांनी एका जुन्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. रिंग नव्हती. फरशीवर चुन्यानं वीस फुटांचा चौकोन आखला आणि चार कोपऱ्यांत चार खुर्च्या ठेवल्या. बॅगा स्वतः भरल्या. वाळू भरली की ती हळूहळू खाली बसते, तळ टणक होतो आणि पोरांची मनगटं जातात, म्हणून त्यांनी इचलकरंजीहून कापडाच्या चिंध्यांची पोती आणली. बॅग फाटली की चप्पल लाइनीतला एक कारागीर ती अशी शिवून द्यायचा की शिवण हाताला लागत नसे. आजही त्यातली एक बॅग लटकलेली आहे.

माझं खेळणं करंगळीच्या मागच्या हाडानं संपवलं. ठोसा तिरका बसला की तळहातातलं हेच हाड मोडतं, इतकं नेहमी की डॉक्टर त्याला बॉक्सरचं फ्रॅक्चरच म्हणतात. जुळलं, पण जरासं वाकडं जुळलं. मी शाळेत खेळाची शिक्षिका म्हणून लागले. एका संध्याकाळी सहज हॉलवर गेले तर वस्ताद म्हणाले, "हात मोडला म्हणून डोळं मोडलं का काय? उद्यापास्नं ये. पट्ट्या बांध पोरांच्या."

तो अख्खा हंगाम मी फक्त पट्ट्या बांधल्या.

साडेचार मीटरची पट्टी असते. अंगठ्यात अडकवायची, मनगटाला वेढे द्यायचे, गाठींवर थर चढवायचा, बोटांच्या मधून काढायची आणि परत मनगटावर आणून बंद करायची. मूठ वळल्यावर पट्टी घट्ट वाटली पाहिजे आणि हात उघडल्यावर सैल. उघड्या हातालाही घट्ट असेल तर दुसऱ्या राऊंडपर्यंत बोटं बधिर होतात. हे सगळं मला खेळाडू म्हणून येत होतंच. मला वाटलं, वस्ताद मला कामाला लावतायत. पण रोज रात्री हॉल बंद करताना ते एक प्रश्न विचारायचे: "आज कुणाचा हात गार हुता?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी लक्ष द्यायला लागले. हात बांधायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ पोराचा हात तुमच्या हातात असतो. घाबरलेल्या पोराचा तळवा गार आणि ओला लागतो. रात्री झोप न झालेला मूठ वळताना बोटं एकेक करून मिटतो. घरी भांडून आलेला हात पुढे करतो, पण मनगट ताठ ठेवतो. कुणाच्या गाठींवरची कातडी सोलवटलेली असते, म्हणजे घरी भिंतीवर किंवा पोत्यावर चोरून मारामारी चाललेली आहे. एका मुलीचा हात मला गरम लागला. मी वस्तादांना सांगितलं. त्यांनी तिच्या कपाळाला हातसुद्धा लावला नाही, सरळ भावाला फोन करून घरी पाठवली. ताप निघाला. त्या रात्री त्यांनी प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र म्हणाले, "पॅड घे आता."

पॅड म्हणजे शिकवणाऱ्यानं हातांत घालायच्या जाड गाद्या, पोरं त्यांवर ठोसे मारतात. ते धरणं बघायला फार सोपं दिसतं. मोबाईलवरच्या व्हिडिओत पॅडवाला नाचत असतो, फटाफट आवाज येतात, बघणाऱ्याला मजा येते. वस्तादांना तो प्रकार अजिबात आवडत नाही. पॅड आपल्या चेहऱ्याच्या जवळ धरायचे, कारण पोराला पुढे ठोसा मारायचाय तो चेहऱ्यावर. हात बाजूला पसरून पॅड धरले की पोराचा ठोसाही बाजूने यायला लागतो आणि ती सवय पुढे वर्षभर जात नाही. ठोसा येताना पॅड जरासा पुढे द्यायचा, बोटभर. मागे घेतला तर पोराचा तोल पुढे जातो, जोरात आपटला तर त्याच्या कोपराला झटका बसतो. आणि डोळे पॅडवर ठेवायचे नाहीत. मारणारा हात काय करतो ते आवाजावरून कळतं. बघायचं ते दुसऱ्या हाताकडे, जो मारत नाहीये. तो गालावरून खाली येतोय का? मारून झालेला हात सरळ परत येतोय, का पोटापर्यंत लोंबून मग वर येतोय? मागच्या पायाची टाच कुठे आहे?

"तू त्येला मारायला शिकवालीस," एकदा ते मला थांबवून म्हणाले. "मारायला त्येला आईच्या पोटातनं येतंय. हात परत आणायला शिकीव."

माझा मोडलेला हात पॅड धरून संध्याकाळी ठणकायचा. वस्तादांच्या घरी गेले की काकू गरम पाण्यात मीठ घालून भांडं पुढे ठेवायच्या आणि वस्तादांना रागवायच्या. ते गप्प बसून चहा प्यायचे.

आमच्याकडे येणारी निम्मी मुलं तालमीतली असतात. कागल, राधानगरी, करवीरच्या गावांतून आलेली, लहानपणापासून माती अंगाला लागलेली. त्यांना बॉक्सिंग शिकवणं हे वेगळंच काम आहे, आणि मला वाटतं वस्तादांइतकं ते कुणाला कळत नसेल. पैलवान पोरगं डोकं खाली घालून आत शिरतं. कुस्तीत ते बरोबर आहे. इथं कमरेखाली डोकं नेलं तर फाऊल. त्याचे हात आपोआप समोरच्याच्या मानेकडे जातात, तेही फाऊल. पाय दोन्ही एका रेषेत, छाती सगळी उघडी. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे मूठ. पैलवानाची पकड सुटत नाही, तो मूठ पूर्ण वेळ आवळून ठेवतो आणि दीड मिनिटात त्याचे हात भरून येतात. बॉक्सिंगमध्ये मूठ आवळायची ती ठोसा लागतो त्या क्षणापुरती. बाकी वेळ हात मोकळा. हे समजावून येत नाही. वस्ताद अशा पोरांच्या ग्लोव्हजमध्ये, पट्टीच्या वर, कागदाची एक घडी ठेवायचे. राऊंड संपल्यावर कागद बाहेर काढायचा. चोळामोळा झालेला असेल तर पुन्हा राऊंड.

पण त्यांनी कुणाची तालीम सोडवली नाही. सकाळी माती, संध्याकाळी बॉक्सिंग. इतर ठिकाणचे प्रशिक्षक याला हसतात हे मला माहीत आहे. वस्तादांचं म्हणणं, मातीनं दिलेली मान दुसरीकडं मिळत नाही. ठोसा लागल्यावर डोकं जितक्या जोरात हिसकतं तितका मेंदूला धोका, आणि डोकं धरून ठेवते ती मान. एका गावाहून आलेल्या मुलाचे वडील पोरगं लवकर तयार होत नाही म्हणून कुरकुरत होते. त्यांना वस्ताद म्हणाले, "खाशाबा 48 साली लंडनला पयल्यांदा गादीवर उतरलं, सहावं आलं. मेडल घ्यायला आनि चार वर्सं लागली. तुमच्या पोराला चार म्हैनं तरी द्या की."

मधल्या एका उन्हाळ्यात मी पतियाळाला राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा कोर्स करून आले. हंगामाचं नियोजन, ताकद आणि वेगाचे टप्पे, आहार, दुखापती, नियम, सगळं वह्या भरभरून लिहून आणलं होतं. मनात थोडी धास्ती होती, वस्तादांना हे कसं वाटेल. त्यांनी वह्या मागून घेतल्या. पुढचे कितीतरी दिवस हॉलच्या पायरीवर चष्मा लावून ते वाचत बसलेले दिसायचे. बोट ठेवून ठेवून. इंग्रजी शब्द अडला की शाळकरी पोरांना विचारायचे. थंडीतला सराव त्यांनी त्या वहीवरून बदलला, जास्तीचं पळणं कमी केलं, मधल्या विश्रांतीची वेळ घड्याळावर लावली. सत्तरी जवळ आलेल्या माणसानं असं करणं मला फार मोठं वाटतं. त्याच दिवसांत त्यांनी मला एक गोष्ट कौतुकानं सांगितली होती: द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला 1985 साली, आणि पहिल्याच वर्षी तो तिघांना मिळाला. पी. टी. उषाचे नांबियार, कुस्तीचे भालचंद्र भागवत आणि बॉक्सिंगचे ओ. पी. भारद्वाज. "माझं दोन्ही खेळ त्यात हाईत," असं म्हणून ते हसले होते.

वजनाबद्दल वस्ताद कुणाचंच ऐकत नाहीत. स्पर्धेआधी पोराला प्लास्टिक घालून पळवायचं, पाणी तोडायचं आणि खालच्या गटात बसवायचं, हे सर्रास चालतं. अंगातलं पाणी गेलेल्या पोराच्या डोक्यावर ठोसे खाऊ घालायला त्यांची तयारी नसते. ज्या वजनात पोरगं नीट जेवतं त्या वजनात ते खेळतं. विषय संपला.

मग कोपरा.

तीन राऊंड, तीन-तीन मिनिटांचे, आणि मध्ये एकेक मिनिट. प्रशिक्षकाच्या वाट्याला त्या अख्ख्या लढतीत दोनच मिनिटं येतात. राऊंड चालू असताना बाहेरून ओरडलेलं आत पोचत नाही. मी स्वतः रिंगमध्ये असताना मला कोपऱ्यातलं काही ऐकू आल्याचं आठवत नाही, फक्त आपला श्वास आणि बुटांचा आवाज. म्हणून वस्तादांनी मला त्या एका मिनिटाचा सराव करायला लावला, अगदी जसा पोरांना ठोशांचा करायला लावतात तसा. स्टूल, बाटली, बादली, टॉवेल. ते शिट्टी वाजवायचे, घड्याळ धरायचे, आणि मी दोरांखालून आत.

घंटा झाली की स्टूल पोराच्या मागे आलं पाहिजे, त्याला शोधायला लागता कामा नये. गमशील्ड, म्हणजे दातांवरचं रबरी कवच, काढायची, धुवायची. पाण्याचा एक घोट चूळ भरायला, एक घोट प्यायला, त्याहून जास्त नाही. पहिली पंधरा-वीस सेकंदं एकही शब्द बोलायचा नाही. हे मला सगळ्यात अवघड गेलं, कारण तीन मिनिटांत दिसलेलं सगळं तोंडाशी आलेलं असतं. त्या वेळात त्याचा श्वास खाली येऊ द्यायचा आणि आपण बघायचं: डोळे एका जागी ठरतायत का, बाहुल्या दोन्ही सारख्या आहेत का, नाकातून रक्त आहे का. रक्त असेल तर मान मागे टाकायची नाही, जरा पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग दाबून धरायचा. आणि शिंकरू द्यायचं नाही, कधीच. डोळ्याखालचं हाड चिरलेलं असलं तर शिंकरल्यावर हवा आत घुसते आणि डोळा बघता बघता सुजून बंद होतो.

मग बोलायचं, आणि एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या तर तो दोन्ही विसरतो. शिवाय काय करू नको ते सांगायचं नाही, काय कर ते सांगायचं. "हात खाली सोडू नकोस" असं म्हटलं की दमलेल्या डोक्यात 'हात खाली' एवढंच शिल्लक राहतं. "उजवा गालाला" म्हणायचं. आणि ते त्याच्या तोंडून परत म्हणवून घ्यायचं. त्यानं म्हटलं तर पोचलं. गुणांबद्दल काही बोलायचं नाही. पाच जज स्वतंत्रपणे प्रत्येक राऊंडला दहाच्या हिशोबानं गुण देतात, त्यांच्या मनात काय आहे ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि "तू पुढं आहेस" म्हटलं की पोरगं मागे सरकायला लागतं. शेवटी गमशील्ड परत, आणि 'सेकंड्स आऊट', म्हणजे कोपऱ्यातल्यांनी बाहेर व्हा, असं ऐकू आलं की आपण, स्टूल, बाटली, सगळं बाहेर.

असा सराव करता करता मला कळलं की वस्ताद शिव्या देत नाहीत ते स्वभावानं मवाळ आहेत म्हणून नव्हे. कोपऱ्यात वेळच नसतो. आणि जे कोपऱ्यात चालत नाही ते हॉलमध्येही चालू द्यायचं नाही, एवढा साधा त्यांचा हिशोब.

एका जुलैत पाऊस असा लागला की पंचगंगेचं पाणी वाढत होतं आणि पोरं फारशी आलीच नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी मला एडी फ्युच या अमेरिकेतल्या बॉक्सिंग ट्रेनरची गोष्ट सांगितली. त्यांनी ती फौजेतल्या आपल्या कोचकडून ऐकलेली. पुढे मी शोधून वाचलं तेव्हा सगळी खरी निघाली. 1 ऑक्टोबर 1975, फिलिपिन्स. मोहम्मद अली विरुद्ध जो फ्रेझर, तिसरी लढत, पंधरा राऊंडची. चौदावा राऊंड संपला तेव्हा फ्रेझरचा उजवा डोळा सुजून मिटला होता आणि डाव्या डोळ्यानं त्याला मुळातच कमी दिसायचं. एकच राऊंड राहिला होता. समोर अलीसुद्धा पार संपलेला होता. फ्रेझर उठायला तयार होता. त्याचा ट्रेनर फ्युच यानं त्याला बसवलं, आज तू जे केलंस ते कुणी विसरणार नाही असं सांगितलं, आणि लढत थांबवली. पुढे वर्षानुवर्षं लोक वाद घालत राहिले की अजून तीन मिनिटं थांबला असता तर काय झालं असतं. फ्रेझर त्यानंतर 36 वर्षं जगला.

हा फ्युच तरुणपणी, पुढे जगज्जेता झालेल्या जो लुईसबरोबर सराव करायचा. हृदयातला दोष सापडला म्हणून त्याला व्यावसायिक लढतीत उतरता आलं नाही आणि तो शिकवायला लागला. हे सांगताना वस्तादांनी माझ्या हाताकडे बघितलं, पण त्यावर काही बोलले नाहीत. मग कोरियाच्या दुक कू किम या बॉक्सरचं सांगितलं. 1982 साली लास व्हेगासला चौदाव्या राऊंडपर्यंत लढला, पडला, आणि काही दिवसांत गेला. त्यानंतरच वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिलनं पंधरा राऊंडच्या लढती बारावर आणल्या.

"टावेल खांद्यावर कशाला ठेवत्यात म्हाईत हाय?" त्यांनी विचारलं. "घाम पुसायला?" मी म्हटलं. "घाम पुसायला दुसरा हाय. खांद्यावरचा तुझा, लढत थांबवायचा. त्यो पोराला मागायचा न्हाई, बापाला इचारायचा न्हाई, मला बी इचारायचा न्हाई."

तो टॉवेल लागायची वेळ आली तेव्हा वस्ताद प्रेक्षकांत बसले होते. गुडघ्यांमुळे त्यांना आता रिंगच्या पायऱ्या चढवत नाहीत. आमचा मुलगा कागलकडचा, तालमीतला, मानेचा घट्ट. पहिला राऊंड त्यानं सुंदर खेळला, जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, समोरच्याला लांब ठेवलं, मूठ मोकळी, हात गालावर परत. दुसऱ्या राऊंडच्या मध्यावर एक उजवा त्याच्या कानशिलावर बसला. तो पडला नाही. रेफरीनं आठपर्यंत मोजलं, डोळ्यांत बघितलं, खेळू दिलं. राऊंड त्यानं पूर्ण केला आणि सरळ चालत कोपऱ्यात आला. डोक्याला हेडगार्ड होता, पण हेडगार्ड कातडी वाचवतो, आत मेंदू हलतो तो हलतोच.

स्टूल, गमशील्ड, पाणी. मी बोलले नाही. त्याचे डोळे माझ्यावर होते, पण जरा उशिरा पोचत होते. मी हात हलवला की नजर मागाहून येत होती. मी एकच वाक्य दिलं, "जॅब, मग डावीकडं." म्हण म्हटलं तर त्यानं मान हलवली. पुन्हा म्हटलं, म्हण. तो म्हणाला, "हां." मी विचारलं, "कितवा राऊंड झाला?" त्यानं रिंगकडे बघितलं आणि म्हणाला, "अजून सुरूच कुठं झालाय?"

मी रेफरीला हात केला आणि सांगितलं की आमचा मुलगा पुढे खेळणार नाही. लगेच डॉक्टरांना बोलावलं.

समोरच्या मुलाचा हात वर झाला. आमचा मुलगा रडला नाही, त्याला तेव्हा नीट कळलंच नव्हतं. कळलं ते अर्ध्या तासानं, आणि मग तो माझ्याशी एक शब्दही बोलला नाही. त्याचे वडील बोलले. शेती बाजूला ठेवून, गावातनं गाडी भरून माणसं घेऊन आले होते. पहिला राऊंड आपला होता, दुसऱ्यातही आठ मोजेपर्यंत आपणच होतो, तीन मिनिटांची कळ काढता आली नसती का, आणि कोपऱ्यात बाईमाणूस उभं केलं की असंच होणार, असं सगळं. मी ऐकून घेतलं. त्यांचा राग कुठून येत होता ते मला दिसत होतं, त्या पोराच्या खुराकासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते मला माहीत होतं.

वस्ताद काठी टेकत आले. त्यांनी माझी बाजू मांडली नाही, मी बरोबर होते असंही म्हणाले नाहीत. वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, "पावनं, तुमचं पोरगं आज रात्री तुमच्या संगं जेवंल. बाकीचं काय आसंल ते माझ्या संगं भांडा. चला, च्या घिऊ."

ते चहाला गेले. मी आणि डॉक्टर मुलाजवळ बसलो. दर थोड्या वेळानं त्याला नाव, गाव, वार विचारत होतो. संध्याकाळपर्यंत त्याला सगळं आठवायला लागलं, फक्त दुसरा राऊंड आठवला नाही, तो आजही आठवत नाही. रात्री त्याला एकट्याला झोपू देऊ नका, उलटी झाली किंवा डोकं फार दुखायला लागलं तर थेट दवाखाना गाठा, हे मी त्याच्या आईला फोनवरून दोनदा सांगितलं.

डोक्याला असा मार लागून लढत थांबली की निदान 30 दिवस रिंगमध्ये उतरता येत नाही. आम्ही त्याहून बराच जास्त वेळ घेतला. मेंदू सावरायच्या आत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा कितीतरी घातक ठरतो, हे वस्तादांनी त्याच्या वडिलांना चहाच्या टपरीवर किती वेळा सांगितलं असेल कोण जाणे. मुलगा महिनाभर हॉलकडे फिरकला नाही. मला त्याची आठवण रोज पट्ट्या बांधताना यायची. मी फोन केला नाही, वस्तादांनी सांगितलं होतं, येऊ दे त्येचं त्येला.

आला तेव्हा डॉक्टरांचा कागद घेऊन आला. आधी नुसती दोरी. मग शॅडो, म्हणजे हवेतच ठोसे. मग चिंध्यांची बॅग. स्पारिंग, म्हणजे समोरासमोरचा सराव, नाहीच. वस्तादांनी त्याला लहान मुलांच्या पट्ट्या बांधायला बसवलं आणि हंगामाच्या उरलेल्या दिवसांत पॅड धरायला लावले. तो कंटाळायचा, ते दिसायचं. पण एकदा हॉल झाडताना तो आपणहून माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, त्यो बारका हाय न्हवं, इस्पुर्लीचा, मारताना डोळं मिटतोय. लांबनं दिसत न्हाई, पॅड धरल्यावर कळालं." मी म्हटलं, मग काय करूया? आम्ही दोघं बराच वेळ त्या बारक्याबद्दल बोलत बसलो. त्या लढतीनंतर तो माझ्याशी नीट बोलला तो तेव्हा पहिल्यांदा.

तिसरा राऊंड आपण काढला असता, असं तो अजून म्हणतो. चारचौघांतही म्हणतो. काढलाही असता कदाचित, मी त्यावर वाद घालत नाही. तशीच वेळ पुन्हा आली तर मी पुन्हा थांबवणार, हे मात्र मी त्याला तोंडावर सांगितलंय. पुढची स्पर्धा थंडीत आहे. कोपऱ्यात कोण पाहिजे असं वस्तादांनी त्याला विचारलं, आणि त्यानं माझं नाव घेतलं.